फेज सापडतो, न्यूट्रल फसवतो : शिकाऊ इलेक्ट्रिशियनसाठी बिघाड शोधण्याची पद्धत

सॉकेटच्या उजव्या भोकात टेस्टर घातला, टेस्टर पेटला, म्हणजे सप्लाय आहे आणि बिघाड उपकरणात आहे. शिकायला लागलेला प्रत्येक जण हा निष्कर्ष काढतो आणि पुष्कळदा चुकतो. टेस्टर फक्त फेजबद्दल, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेबद्दल सांगतो. विजेला जायला वाट लागते तशी परत यायलाही लागते, आणि घरातल्या वायरिंगमधले डोकं खाणारे बिघाड बहुधा त्या परतीच्या वाटेवर, म्हणजे न्यूट्रलमध्ये असतात, नाहीतर अर्थिंगमध्ये. म्हणून पुढे फेजपेक्षा या दोन तारांनाच जास्त जागा दिली आहे.

लेखातले आकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या घरगुती वायरिंगचे आहेत. मीटर, त्याच्या आधीची केबल आणि सील केलेला कटआउट (मुख्य फ्यूज) वीज कंपनीचा असतो, तिथे हात घालायचा नाही. आतलं कामही शिकाऊ माणसाने परवाना असलेल्या इलेक्ट्रिशियनच्या देखरेखीखालीच करायचं. खाली जिथे चालू सप्लायवर माप घ्यायला सांगितलं आहे, तिथे तर तो शेजारी उभा असलाच पाहिजे.

हत्यारं काढण्याआधी विचारायचे प्रश्न

बंद काय आहे: एक पॉइंट, एक खोली, की सगळं घर? कधीपासून? त्याआधी काय झालं: पाऊस, भिंतीत खिळा, रंगकाम, नवीन उपकरण? आणि पडतं ते नेमकं काय, एमसीबी की आरसीसीबी? घरातली माणसं दोन्हींना ‘स्विच पडतो’ एवढंच म्हणतात, म्हणून डीबी (हे स्विच बसवलेली पेटी) उघडून बोट ठेवून दाखवायला सांगा. एमसीबी करंट जास्त झाल्यावर पडतो. आरसीसीबी फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला नाही की पडतो. दोन्ही बिघाडांचा शोध अगदी वेगळ्या दिशेने जातो.

किती वेळाने पडतो, हेही विचारा. एमसीबी वर करताक्षणी पडला तर शॉर्ट आहे. त्यातली चुंबकीय यंत्रणा तेवढ्यासाठीच असते: बी प्रकारात रेटिंगच्या ३ ते ५ पट, सी प्रकारात ५ ते १० पट करंटला ती लगेच तोडते. वीस मिनिटांनी किंवा तासाने पडत असेल तर काम एमसीबीतल्या, करंटने तापून वाकणाऱ्या पट्टीचं आहे. १६ अँपिअरचा एमसीबी १८ अँपिअरवर तासभर पडणार नाही, २३ अँपिअरवर मात्र तासाच्या आत पडायलाच हवा. लोड १२ अँपिअरच असूनही तो असा उशिराने पडत असेल, तर त्याचा स्वतःचा स्क्रू ढिला असण्याची शक्यता मोठी. ढिल्या टर्मिनलची उष्णता आतल्या पट्टीपर्यंत जाते आणि पट्टी ती लोडची उष्णता समजते. अशा वेळी जास्त रेटिंगचा एमसीबी बसवून ‘प्रॉब्लेम सोडवणारे’ असतात. त्यानंतर संरक्षण संपतं आणि फ्यूजचं काम भिंतीतली वायर करते.

मापाची साधनं आणि त्यांचे खोटेपणा

निऑन टेस्टर पेटतो तो तुमच्या शरीरातून जमिनीकडे जाणाऱ्या अत्यंत सूक्ष्म करंटवर. जाड रबरी चपला, लाकडी शिडी, दुपारचं ऊन यांत तो चालू फेजवरही विझलेला वाटू शकतो. उलट शेजारच्या तारेच्या प्रभावाने तुटलेल्या, बिनकामाच्या तारेवरही तो मंद पेटतो. न दिसलेला उजेड हा सप्लाय बंद असल्याचा पुरावा नाही, हे एकदा नीट डोक्यात बसवा. न टेकवता आवाज करणाऱ्या पेन टेस्टरचंही तेच.

डिजिटल मल्टिमीटरचा दोष वेगळा. त्याचा आतला रेझिस्टन्स साधारण १० मेगओहम असतो, त्यामुळे कुठेही न जोडलेली तार फेजच्या शेजारून धावत असेल तर मीटरवर ४०, ७०, ९० असे व्होल्ट दिसतात. हे भुताचे व्होल्ट. खरे आहेत का ते पाहायचं तर लो-इम्पीडन्स मोड असलेला मीटर किंवा दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर लावा. थोडासा करंट ओढला की भूत शून्यावर येतं, खरा सप्लाय तसाच राहतो.

मीटर घेताना कॅट थ्री (ही मीटरची सुरक्षा-श्रेणी), किमान ६०० व्होल्टचा घ्या आणि प्रोब अखंड आहेत का ते रोज पाहा. आणखी एक अपघात हमखास होतो. करंट मोजायला लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात लावलेली असते, ती तशीच ठेवून कोणीतरी सॉकेटचे व्होल्ट मोजतो. त्या भोकात मीटर म्हणजे सरळ तारेचा तुकडा, म्हणजे फेज आणि न्यूट्रलमध्ये शॉर्ट, आणि तोही हातात. करंटसाठी क्लॅम्प मीटर (तार न तोडता तिच्याभोवती अडकवायचा) वापरायची सवय लावली की ही वेळच येत नाही. याशिवाय ५०० व्होल्टचा इन्सुलेशन टेस्टर, म्हणजे मेगर, लागेल.

सप्लाय खरंच गेला आहे याची खात्री

क्रम असा, आणि तो बदलायचा नाही:

१. घरात दुसरा सप्लाय आहे का ते शोधा: इन्व्हर्टर, सोलर, जनरेटर. मेन बंद केल्यावर इन्व्हर्टर आपोआप चालू होतो आणि नेमक्या त्याच लाइटच्या सर्किटमध्ये फेज सोडतो जिथे तुम्ही हात घालणार आहात. त्याचा आउटपुट वेगळा बंद करा. नुसतं त्याचं प्लग काढलं तर तो बॅटरीवर आणखी जोमाने सुरू होईल.

२. त्या सर्किटचा एमसीबी बंद करा, आणि शक्य असेल तेव्हा मेन डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) स्विचही. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो.

३. बंद केलेल्या स्विचला कुलूप लावा किंवा लॉकिंग क्लिप बसवा, आणि ‘काम चालू आहे’ असा कागद लटकवा. जुन्या पद्धतीचा फ्यूज असेल तर कॅरियर (फ्यूजची तार बसवलेला सुटा भाग) काढून खिशात ठेवा. घरातल्या कोणीतरी सद्भावनेने ‘मेन पडला होता, मी वर केला’ म्हणणं हे या धंद्यातलं सर्वांत धोकादायक वाक्य आहे.

४. टेस्टर आधी चालू असलेल्या ठिकाणी लावून तो चालतो हे पाहा. मग कामाच्या जागी फेज–न्यूट्रल, फेज–अर्थ आणि न्यूट्रल–अर्थ अशी तीनही मापं घ्या. नंतर पुन्हा चालू ठिकाणी जाऊन टेस्टर अजून चालतोय हे पाहा. मधल्या वेळात त्याचा सेल संपला असेल, तर तुम्ही मोजलेलं शून्य खोटं होतं.

५. मोटर, पंप, एसी यांत कपॅसिटर असतो. तो रेझिस्टरमधून डिस्चार्ज करा आणि टर्मिनलवर व्होल्ट मोजून मगच स्पर्श करा.

तारेच्या रंगावर विश्वास टाकू नका. निळी तार एका पद्धतीत न्यूट्रल असते, तर लाल–पिवळा–निळा या जुन्या थ्री-फेज पद्धतीत ती तिसरा फेज असते. एकाच इमारतीत दोन्ही पद्धती सापडतात.

उधारीचा न्यूट्रल हा यातला सगळ्यांत गुपचूप मारणारा प्रकार. जिन्यातल्या टू-वे दिव्याला फेज खालच्या मजल्याच्या सर्किटचा आणि न्यूट्रल वरच्याचा, असं कोणीतरी वायर वाचवायला केलेलं असतं. तुम्ही वरच्या मजल्याचा एमसीबी बंद करता, सगळं शून्य दाखवतं, न्यूट्रलचा जोड सोडता, आणि त्या क्षणी दिव्याकडून येणारं सुटं टोक २३० व्होल्टवर जातं, कारण दिव्याला खालून फेज मिळतोच आहे. म्हणून न्यूट्रलचा जोड सोडण्याआधी त्या तारेला क्लॅम्प लावा. सर्किट बंद असताना तिच्यात करंट दिसला तर थांबा आणि मेन बंद करा.

कोणाला शॉक लागून तो चिकटला तर त्याला हात लावू नका. आधी सप्लाय तोडा, ते जमत नसेल तर कोरड्या जागेवर उभं राहून कोरड्या लाकडाने त्याला बाजूला करा. श्वास नसेल तर मदतीला फोन करायला सांगून छाती दाबायला सुरुवात करा: मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, प्रशिक्षण असेल तर दर ३० दाबांनंतर २ श्वास. शॉकनंतर माणूस बेशुद्ध पडला असेल, छातीत धडधड किंवा दुखणं असेल, तर तो ‘आता बरा आहे’ म्हणाला तरी डॉक्टरकडे नेऊन ईसीजी काढून घ्या.

सॉकेटची तीन मापं

तीन पिनच्या सॉकेटकडे समोरून पाहिलं तर वर अर्थ, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. मीटर एसी व्होल्टवर ठेवून तिन्ही जोड्या मोजा आणि लिहून ठेवा. निरोगी सॉकेटवर फेज–न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज–अर्थ जवळपास तेवढेच आणि न्यूट्रल–अर्थ शून्य ते दोन-तीन व्होल्ट असतात. बाकीच्या आकड्यांचं वाचन असं.

फेज–न्यूट्रल शून्य, फेज–अर्थ २३०: न्यूट्रल तुटला आहे. पुढे एखादं उपकरण चालू स्थितीत जोडलेलं असेल तर न्यूट्रल–अर्थही २३० दाखवेल आणि टेस्टर दोन्ही भोकांत पेटेल. ‘दोन्हीकडे फेज येतोय’ म्हणून शॉर्ट शोधत बसणारे खूप भेटतात. प्रत्यक्षात फेज उपकरणातून फिरून तुटलेल्या न्यूट्रलच्या टोकापर्यंत आलेला असतो. सगळी उपकरणं काढा, डावीकडचा उजेड जातो.

तिन्ही शून्य: फेज तुटला आहे किंवा स्विच, फ्यूज, एमसीबी यांपैकी काहीतरी पुढे देत नाही.

फेज–न्यूट्रल २३०, पण फेज–अर्थ आणि न्यूट्रल–अर्थ दोन्ही शंभरच्या आगेमागे: अर्थची तार कुठेतरी सुटली आहे. संगणकासारख्या उपकरणांत फेज आणि न्यूट्रल या दोघांकडून अर्थकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थ सुटला की ते व्होल्टेजचे दोन भाग करतात आणि कॅबिनेटचा पत्रा सुमारे ११५ व्होल्टवर तरंगतो. ‘कॉम्प्युटरला हात लावला की मुंग्या येतात’ ही तक्रार आली की हे माप आधी घ्यायचं.

फेज–अर्थ शून्य, न्यूट्रल–अर्थ २३०: उलटी जोडणी. उपकरण चालेल, पण त्याचा स्विच न्यूट्रल तोडत असेल आणि बंद उपकरणातही फेज बसलेला असेल. बंद केल्यावरही एलईडी मंद जळत राहते, त्यामागे बरेचदा हेच असतं. (स्विचमधल्या इंडिकेटरमुळे किंवा शेजारून धावणाऱ्या तारेच्या प्रभावानेही ती जळते, म्हणून मोजल्याशिवाय बोर्ड उघडू नका.)

ही मापं मीटरनेच घ्यायची. फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून ‘अर्थिंग चेक’ करू नका. ६० वॉटचा बल्ब पाव अँपिअर ओढतो, त्याने आरसीसीबी पडेल. अर्थ तुटलेली असेल तर प्रकार आणखी वाईट: बल्बमधून फेज त्या तारेला जोडलेल्या प्रत्येक उपकरणाच्या पत्र्यावर पोहोचेल.

आता लोडखालचं माप. हे घेण्याचा कंटाळा केला जातो आणि बिघाड हातातून निसटतो. रिकाम्या सॉकेटला २३० व्होल्ट दिसतात, गीझर किंवा इस्त्री लावली की २०० होतात. अडीच स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स किलोमीटरला ७.४१ ओहम. जाणं-येणं धरून मीटरमागे १५ मिलिओहम. २० मीटर लांब सर्किटमध्ये १० अँपिअरला साधारण ३ व्होल्ट पडायला हवेत. ३० पडत असतील तर उरलेले २७ एखाद्या जोडात पडत आहेत, आणि २७ व्होल्ट गुणिले १० अँपिअर म्हणजे २७० वॉट. भिंतीतल्या एका डबीत, म्हणजे तारांचे जोड असतात त्या खोक्यात, तेवढा हीटर चालू आहे.

तो जोड फेजमध्ये आहे की न्यूट्रलमध्ये? लोड चालू ठेवून न्यूट्रल–अर्थ मोजा. अर्थमधून करंट वाहत नसल्याने ती तार मोजपट्टीसारखी स्थिर असते. न्यूट्रल–अर्थ २७-२८ व्होल्ट झाले तर दोष न्यूट्रलच्या जोडात आहे. दीड-दोनच राहिले तर फेजमध्ये. मग डीबीपासून सॉकेटपर्यंत एकेका डबीवर हेच माप घेत या. आकडा ज्या दोन डब्यांच्या मध्ये उडी मारतो, तिथेच स्क्रूड्रायव्हर लावायचा.

शॉर्ट शोधणं

एमसीबी वर करून ‘बघू परत पडतो का’ हा खेळ एकदाच. प्रत्येक वेळी शंभर-दीडशे अँपिअर किंवा त्याहून जास्त करंट त्याच दुखऱ्या जागेतून जातो.

सर्किटवरची सगळी उपकरणं सॉकेटमधून काढा, दिव्यांचे स्विच बंद करा, सप्लाय तोडून खात्री करा, डीबीत त्या सर्किटचा फेज एमसीबीमधून आणि न्यूट्रल बारमधून (सगळे न्यूट्रल एकत्र येतात ती पट्टी) सोडा. दोघांमध्ये ओहम मोजा. २६ ओहम दिसले तर शॉर्ट नाही, २००० वॉटचा हीटर कुठेतरी जोडलेला राहिला आहे. ५३ ओहम म्हणजे १००० वॉटची इस्त्री. एक ओहमच्या आत असेल तर मात्र खरा शॉर्ट. आधी दोन्ही प्रोब एकमेकींना लावून त्यांचा स्वतःचा रेझिस्टन्स पाहा, साधारण ०.२ ओहम असतो. मापातून तो वजा करा. माप ०.६ आलं तर तारेचे ०.४ ओहम, भागिले मीटरमागे १५ मिलिओहम, म्हणजे शॉर्ट डीबीपासून सुमारे २७ मीटर तारेवर. तारा वितळून घट्ट चिकटल्या असतील तरच हा हिशेब जुळतो. कार्बन धरलेल्या शॉर्टला तो लागू नाही, आणि भिंतीतली तार नकाशात दिसते तशी सरळ कधीच जात नाही. तरीही पहिली डबी कोणती उघडायची याचा अंदाज त्यातून येतो.

पुढे अर्धं-अर्धं करत जा. आठ डब्यांच्या सर्किटमध्ये मधली डबी उघडा, पुढचा भाग सोडा, डीबीकडून पुन्हा मोजा. शॉर्ट गेला तर दोष पुढे, नाहीतर मागे. तीन डब्यांत जागा सापडते. ओळीने उघडत गेलात तर नशिबावर आहे.

एमसीबी फक्त एखादा स्विच दाबल्यावर पडत असेल तर सर्किटची मुख्य तार निर्दोष आहे. दोष स्विचपासून दिव्यापर्यंतच्या तारेत किंवा होल्डरमध्ये आहे. मीटरला शॉर्ट दिसत नाही, पण एमसीबी पडतो, असं असेल तर मेगर लावा. मल्टिमीटर काही व्होल्टवर मोजतो, तेवढ्यावर न फुटणारं इन्सुलेशन ५०० व्होल्टवर फुटतं. खिळ्याने निम्मी कापलेली तार अशीच असते.

आरसीसीबी पडतो तेव्हा

३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी प्रत्यक्षात १५ ते ३० च्या दरम्यान कुठेही पडू शकतो. त्यामुळे ‘खराब झालाय, बदला’ म्हणण्याआधी पुढचं करा.

सगळी उपकरणं सॉकेटमधून उपटून काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही. स्विच फेज तोडतो, पण उपकरणातला न्यूट्रल पत्र्याला लागला असेल तर तो तसाच जोडलेला राहतो. आता आरसीसीबी टिकला तर एकेक उपकरण लावत जा. गीझर थंड असताना टिकतो आणि दहा मिनिटांनी पाडतो, हे नेहमीचं: एलिमेंटला गेलेली बारीक भेग तापल्यावर उघडते. तो लगेच सप्लायमधून तोडून गरम असतानाच मेगर करा, थंड झाल्यावर तो निर्दोष दिसेल. उलट बरेच महिने न वापरलेल्या एलिमेंटमधली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ओल धरते आणि इन्सुलेशन कमी दाखवते. ते एलिमेंट वाळवून पुन्हा मोजलं तर कधीकधी वाचतं.

उपकरणं काढूनही पडत असेल तर सगळे एमसीबी बंद करून आरसीसीबी वर करा आणि एकेक एमसीबी चालू करा. ज्याने पडेल त्या सर्किटमध्ये फेज–अर्थ दोष.

आता खरा चकवा: सगळे एमसीबी बंद, तरी आरसीसीबी पडतो. किंवा पडतो कधी, नाही कधी, आणि घरात लोड जास्त असला की जास्त पडतो. हे न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना लागल्याचं लक्षण. एमसीबी सिंगल पोल असल्याने बंद सर्किटचाही न्यूट्रल बारला जोडलेला असतो. दुसऱ्या सर्किटमधून परत येणाऱ्या करंटचा काही भाग त्या दोषातून अर्थकडे निसटतो आणि आरसीसीबीचा हिशेब जुळत नाही. सगळे एमसीबी बंद असले तरी सप्लायच्या न्यूट्रलवर असलेले थोडे व्होल्ट तसाच करंट वाहवू शकतात. टेस्टरला हे कधीच दिसणार नाही, कारण फेजचा इथे संबंधच नाही.

शोध असा घ्या. मेन बंद करा, खात्री करा, प्रत्येक न्यूट्रलला त्याच्या सर्किटचा नंबर चिकटवा आणि सगळे न्यूट्रल बारमधून सोडा. पुढे काहीही न जोडता आरसीसीबी चालू करून पाहा. तरीही पडला तर तो स्वतः खराब आहे. टिकला तर मेन पुन्हा बंद करा आणि सुट्या न्यूट्रलचं एकेक करून अर्थशी माप घ्या, आधी मल्टिमीटरने, मग मेगरने. ज्याचं माप शून्याकडे जाईल त्या सर्किटमध्ये अर्धं-अर्धं करत जा. जागा सहसा ठरलेली असते: बोर्ड बसवताना स्क्रूखाली चिमटलेली तार, पंख्याच्या हुकाशी घासलेली वायर, बाहेरच्या दिव्यात शिरलेलं पाणी, किंवा सॉकेटमध्ये कोणीतरी मुद्दाम टाकलेला न्यूट्रल–अर्थ जंपर. ‘अर्थिंग नाही म्हणून न्यूट्रललाच जोडलं’ असं करणाऱ्याने त्या उपकरणाचा पत्रा न्यूट्रलच्या एका जोडावर टांगलेला असतो. तो जोड सुटला की पत्रा फेजवर.

एका आरसीसीबीचा फेज आणि दुसऱ्याचा न्यूट्रल वापरला असेल तर तो दिवा लावताच दोन्ही पडतात. हा वर सांगितलेला उधारीचा न्यूट्रलच.

कुठेही दोष नाही आणि तरीही अधूनमधून पडतो, अशा वेळी लीकेज क्लॅम्प (मिलिअँपिअर मोजणारा क्लॅम्प मीटर) फेज आणि न्यूट्रल दोघांभोवती एकत्र लावा. फिल्टर (वर सांगितलेले अर्थकडे जाणारे छोटे कपॅसिटर) असलेल्या उपकरणांमधून थोडा थोडा करंट नेहमीच अर्थकडे जातो. अशी बरीच उपकरणं एका आरसीसीबीवर आली की बेरीज मोठी होते. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर ती ९ च्या वर जाऊ देऊ नका. सर्किटं दोन आरसीसीबींत वाटून द्या. आरसीसीबी काढून सरळ जोडणी करून देणं हा पर्याय नाही, घरमालक कितीही मागे लागला तरी.

अर्थिंगच्या रॉडचा रेझिस्टन्स २० ओहम असेल तर फेज पत्र्याला लागल्यावर जेमतेम साडेअकरा अँपिअर वाहतो. १६ अँपिअरचा एमसीबी त्यावर कधीही पडणार नाही आणि पत्रा जवळपास २३० व्होल्टवर बसून राहील. तिथे जीव वाचवणारा आरसीसीबी एकटाच असतो. पण एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरला तर तोही काही करत नाही. त्याच्या लेखी तुम्ही एक बल्ब आहात.

थ्री-फेज घरात न्यूट्रल सुटला तर

काही दिवे झगमगतात, काही मंद होतात, एखादा टीव्ही जळतो. ही लक्षणं ऐकली की एकही माप घेण्याआधी मेन बंद करायला सांगा. समजा एका फेजवर २००० वॉटचा लोड आहे, दुसऱ्यावर २०० वॉटचा, आणि दोघांचा समाईक न्यूट्रल सुटला. ते दोघे आता ४०० व्होल्टवर सिरीजमध्ये आले. मोठ्या लोडला ३६ व्होल्ट मिळतात आणि छोट्याला ३६४. दोष सहसा मेन स्विचच्या किंवा डीबीच्या न्यूट्रल टर्मिनलवर असतो. तिथे काळेपणा दिसला नाही तर मीटरच्या अलीकडे-पलीकडे न जाता वीज कंपनीला कळवा.

जोड करणं आणि पुन्हा चालू करणं

जळालेलं सॉकेट बदलताना तारेचं तापून कडक झालेलं टोकही कापा, चकाकणारं तांबं दिसेपर्यंत. काळपट तांब्यावर नवीन टर्मिनल घट्ट केलं तरी रेझिस्टन्स राहतो. टर्मिनलला लागेल तेवढंच सोला, साधारण १० मिलिमीटर. इन्सुलेशन स्क्रूखाली गेलं तर पकड प्लॅस्टिकवर बसते आणि काही महिन्यांत ढिली होते. तारेचे बारीक धागे कापून ‘भोकात बसवू’ नका. घट्ट केल्यावर तार ओढून पाहा. जोड डबीतच आणि कनेक्टरने करा, प्लास्टरखाली पिळून टेप मारलेला जोड नको. तांबं आणि अॅल्युमिनियम एकमेकांना थेट पिळू नका, त्यासाठीचा बायमेटल कनेक्टर वापरा.

मग मापं, सप्लाय देण्याआधी. अर्थची कंटिन्युइटी, म्हणजे तार अखंड आहे का, डीबीपासून सॉकेटपर्यंत. त्यानंतर मेगर: एलईडी, रेग्युलेटर, सर्ज प्रोटेक्टर काढा आणि सर्किट आरसीसीबीपासून सोडवा. सर्ज प्रोटेक्टर जागेवर राहिला तर ५०० व्होल्टवर तो स्वतःच वाहू लागतो आणि तुम्ही नसलेला बिघाड शोधत बसता. फेज आणि न्यूट्रल एकत्र बांधून अर्थशी मोजा. १ मेगओहमच्या खाली असेल तर सप्लाय देऊ नका. चांगल्या वायरिंगमध्ये आकडा त्याच्या कितीतरी वर असतो, त्यामुळे २-३ मेगओहमवर समाधान मानू नका, ओल कुठे आहे ते शोधा. मग सोडवलेलं सगळं जागेवर जोडा, घरात कोणी काही धरलेलं नाही हे पाहून सप्लाय द्या, सॉकेटची तीन मापं पुन्हा घ्या, आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. ते बटण फक्त आरसीसीबीची यंत्रणा तपासतं, अर्थिंगबद्दल काहीच सांगत नाही.

शेवटी सर्किटवर पूर्ण लोड लावून अर्धा तास चालवा. लोड बंद करून सॉकेटचा चेहरा आणि प्लगच्या पिना हाताने चाचपा. कोमट चालेल, हात ठेवता येत नसेल तर तो जोड पुन्हा उघडा. लोडखालचे न्यूट्रल–अर्थ व्होल्ट, मेगरचं माप आणि तारीख डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढच्या वेळी न्यूट्रल–अर्थ २ चे ९ झालेले दिसले, तर कोणाची तक्रार येण्याआधीच कुठलातरी जोड सुटू लागल्याचं कळेल.